सातबारा स्वच्छ आहे, पण घराखाली काय आहे?

नेदरलँड्समधील घरखरेदीविषयी गेल्या काही महिन्यांत या सदराकडे बरीच पत्रे आली. त्यांपैकी तीन पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे मोठी होती, म्हणून मुद्दा तेवढा राखून ती थोडक्यात छापली आहेत.

प्रश्न : माझे चिरंजीव सहा वर्षांपासून नेदरलँड्समध्ये झ्वोले शहरात नोकरी करतात. ते आणि सूनबाई मिळून शेजारच्या ड्रेन्ट प्रांतातील एका लहानशा खेड्यात 1910 च्या सुमारास बांधलेले जुने शेतघर घेऊ पाहत आहेत. किंमत 3,75,000 युरो सांगितली आहे. इतक्या आडगावी, परक्या देशात, कागदपत्रे कोण तपासणार, याची मला काळजी वाटते. पुण्यात मी दोन सदनिका घेतल्या आणि दोन्ही वेळा वकिलांकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घेतला होता. तेथे तसा रिपोर्ट मिळतो का? विक्रेत्याने तेच घर आधी दुसऱ्याला विकलेले असले तर? शिवाय चाळीस लाख रुपये मदत म्हणून देण्याची माझी इच्छा आहे, ते कसे पाठवावेत?
— एक निवृत्त अभियंता, कोथरूड

उत्तर : आपली काळजी अस्सल पुणेकराची आहे आणि पुण्यात ती रास्तही आहे. आपल्याकडे घर घेणारा माणूस भिंतीला हात लावून पाहण्याआधी विक्रेत्याच्या आजोबांच्या वारसांची चौकशी करतो. सातबारा, इंडेक्स टू, बिनशेतीचा आदेश, भोगवटा प्रमाणपत्र हे सगळे जमले की निम्मी लढाई जिंकली असे समजतो आणि नळाला पाणी किती वेळ येते हा प्रश्न पुढे कधीतरी राहायला गेल्यावर विचारतो. नेदरलँड्समध्ये हा क्रम उलटा करावा लागतो. कागदाची बाजू तेथे व्यवस्थेने बहुतांशी सांभाळलेली असते; घर, त्याखालची माती आणि मातीतले पाणी यांची चौकशी मात्र खरेदीदाराच्या गळ्यात असते. म्हणून आपण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आधी देतो आणि जे विचारले नाही त्यावर नंतर जास्त वेळ घालवतो.

तेथील भूमिअभिलेख ‘कडास्टर’ या संस्थेकडे असतात. 1832 पासून चालत आलेली ही नोंदवही कोणालाही पाहता येते. थोडे शुल्क भरले की अमुक भूखंडाचा मालक कोण, त्यावर गहाण किंवा जप्ती आहे का, शेजाऱ्याला त्यातून जाण्याचा हक्क आहे का, हे समजते. या शेवटच्या गोष्टीकडे खेड्यात विशेष लक्ष द्यावे, कारण मागच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आपल्या अंगणातून नेण्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेला असू शकतो. सर्च रिपोर्टचे काम तेथे नोटारिस करतो. ‘नोटारिस’ हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांपुढे शिवाजीनगर न्यायालयाबाहेर टेबल मांडून शिक्के मारणारे गृहस्थ येतील, तर ते चित्र पुसून टाकावे. डच नोटारिसची नेमणूक राजाच्या आदेशाने होते, त्याने दोन्ही पक्षांच्या बाबतीत तटस्थ राहणे बंधनकारक असते आणि व्यवहाराची सारी रक्कम त्याच्या वेगळ्या राखलेल्या खात्यातूनच फिरते. खरेदीखत तोच करतो, सह्यांच्या आधी नोंदी पुन्हा तपासतो आणि जुने कर्ज फेडून गहाण उतरवूनच विक्रेत्याला पैसे देतो. खरेदीदाराला डच समजत नसेल तर सह्यांच्या वेळी दुभाषी लागतो, आणि त्याचा खर्च आपलाच असतो.

एकच घर दोघांना विकण्याविषयी आपण विचारले आहे. साठेखत झाल्यापासून खरेदीखत होईपर्यंत तेथे दोन-तीन महिने जातात आणि धोका असलाच तर एवढ्याच काळात असतो. त्यावरही उपाय आहे. साठेखताचीच नोंद नोटारिसमार्फत कडास्टरमध्ये करून घेता येते. अशी नोंद झाली की पुढील सहा महिने विक्रेत्याने दुसऱ्याला केलेली विक्री किंवा त्याच्यावर आलेली जप्ती आपल्या चिरंजीवांच्या व्यवहाराला बाधत नाही. खर्च फार नाही. आपल्याला रात्री शांत झोप लागावी एवढ्यासाठी जरी ही नोंद केली तरी ती वाया जाणार नाही.

आता न विचारलेल्या गोष्टी. डच कायद्यात विक्रेत्यावर माहीत असलेले दोष सांगण्याची जबाबदारी आहे, पण खरेदीदारावर स्वतः शोध घेण्याचीही आहे आणि घर जितके जुने तितकी ही दुसरी जबाबदारी जड होत जाते. शंभर वर्षांच्या घराच्या करारात सहसा ‘जुनेपणाचे कलम’ घातलेले असते. घर जुने असल्यामुळे नव्या घरासारखी अपेक्षा ठेवणार नाही, हे खरेदीदार त्या कलमाखाली मान्य करतो. घर वारस विकत असतील तर आणखी एक कलम येते : आम्ही स्वतः येथे राहिलेलो नाही, त्यामुळे दोष आम्हाला माहीत नाहीत. ही दोन कलमे एकत्र आली म्हणजे नंतर सापडलेल्या बहुतेक दोषांचा खर्च आपल्याच पदरी पडणार, असे समजून चालावे. म्हणून मकेलार, म्हणजे इस्टेट एजंट, यांच्याकडून कराराचा मसुदा आला की किमतीच्या आकड्याआधी ही कलमे वाचायला चिरंजीवांना सांगावे. आणखी एक लक्षात असू द्यावे, की जाहिरातीत ज्यांचे नाव आहे ते मकेलार विक्रेत्याचे असतात. खरेदीदाराने आपला वेगळा मकेलार नेमायचा असतो.

तपासणी कोणाकडून करून घ्यावी? बांधकामाची तपासणी करणारे स्वतंत्र तज्ज्ञ तेथे मिळतात, काहीशे युरोंत काम होते आणि ते छपरापासून जमिनीखालच्या पोकळीपर्यंत डोकावून लेखी अहवाल देतात. ‘तपासणीत ठरावीक रकमेपेक्षा जास्त दुरुस्ती निघाली तर व्यवहार रद्द’ ही अट करारात लिहून घ्यावी आणि ‘कर्ज न मिळाल्यास व्यवहार रद्द’ ही दुसरी. गिऱ्हाइकांची चढाओढ असते तेव्हा या अटी सोडून देण्याचा मोह होतो, कारण विनाअट प्रस्ताव विक्रेत्याला गोड वाटतो. पण 1910 च्या शेतघरासाठी मी तरी तसे करणार नाही. सहीनंतर खरेदीदाराला तीन दिवसांचा विचारकाळ मिळतो. स्वाक्षरी झालेल्या कराराची प्रत हाती पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो मोजतात, त्यात किमान दोन दिवस कामाचे असावे लागतात आणि या मुदतीत कारण न देता माघार घेता येते. ही सवलत विक्रेत्याला नाही. मुदत संपली आणि कोणतीही अट लागू होत नसताना माघार घेतली तर किमतीच्या दहा टक्के, म्हणजे आपल्या बाबतीत 37,500 युरो, दंड म्हणून जातात. आपण पाठवू म्हणता ती रक्कम जवळजवळ तेवढीच आहे, हे सहज लक्षात आले म्हणून लिहिले.

घराखाली काय आहे, हा या खरेदीतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. नेदरलँड्सच्या पश्चिम भागात आणि फ्रीसलँडच्या सखल पट्ट्यात माती पीटची, म्हणजे दलदलीत साचलेल्या वनस्पतींपासून बनलेली भुसभुशीत, किंवा मऊ चिकणमातीची असते. तेथील जुनी घरे लाकडी खांबांवर उभी आहेत. खांब पाण्याखाली आहेत तोवर शतकानुशतके टिकतात; भूजल खाली गेले आणि खांबांच्या डोक्यांना हवा लागली की बुरशी धरून ते कुजू लागतात, आणि पाया बदलण्याचा खर्च सहा आकडी युरोंपर्यंत जाऊ शकतो. ड्रेन्टमध्ये स्थिती बरी आहे. तेथील जुनी खेडी वाळूच्या उंचवट्यावर, मध्ये ‘ब्रिंक’ नावाचे झाडांचे मोकळे मैदान ठेवून वसलेली आहेत आणि घरांचा पाया थेट वाळूवर विटांनी बांधलेला असतो. अहवालात या पायाला ‘ओप स्टाल’ म्हटलेले आढळेल. आजच्या डच भाषेत ‘स्टाल’ म्हणजे पोलाद, त्यामुळे पाया पोलादावर आहे अशा भ्रमात आपला माणूस राहतो. येथे तो शब्द घट्ट जमीन या जुन्या अर्थाने आहे. तरीही खेडे वाळूवर आहे की त्याच प्रांतातल्या उपसलेल्या पीटच्या पट्ट्यात, हे नकाशावर पाहून घ्यावे. अंतर दहा-पंधरा किलोमीटरचे असते आणि फरक मोठा पडतो. बांधकाम तपासणीत पायाची सखोल तपासणी धरलेली नसते, ती वेगळी सांगावी लागते.

चिरंजीवांना स्वस्त घरे आणखी उत्तरेला, ग्रोनिंगेन प्रांतात, दिसली असतील. तेथे 1959 मध्ये स्लोख्टेरनजवळ सापडलेल्या प्रचंड वायुसाठ्यातून गॅस काढल्यामुळे जमीन खचून भूकंप होऊ लागले. 16 ऑगस्ट 2012 रोजी हुईझिंगे येथे 3.6 तीव्रतेचा धक्का बसला आणि घरांच्या भिंतींना तडे गेले. 1 ऑक्टोबर 2023 पासून उत्पादन थांबवले आहे, पण धक्के लगेच थांबत नाहीत. त्या भागात घर पाहिलेच तर नुकसानभरपाईची आणि मजबुतीकरणाची सगळी फाइल विक्रेत्याकडून मागून घ्यावी.

शेतघराच्या आणखी काही खास गोष्टी आहेत. छप्पर गवताचे असेल तर ते साधारण तीस-चाळीस वर्षे टिकते, शेवटचे कधी बदलले ते विचारावे आणि सही करण्याआधीच विम्याचा हप्ता काढून घ्यावा, कारण आगीच्या धोक्यामुळे तो अधिक असतो. नेदरलँड्समध्ये ॲस्बेस्टॉसच्या वापरावर 1993 मध्ये बंदी आली; त्याआधीच्या गोठ्यांवर आणि गवताच्या कोठारांवर हे पन्हळी पत्रे अजून आहेत. अंगणात जुनी तेलाची टाकी पुरलेली असेल तर ती नियमानुसार रिकामी करून निकामी केल्याचे प्रमाणपत्र मागावे. गावाबाहेरचे घर गटाराला जोडलेले असेलच असे नाही. भोगवट्याचा प्रश्न तर फारच नाजूक. दिसायला राहते घर असले तरी नियोजनात ते ‘शेतीव्यवसायाचे निवासस्थान’ असू शकते, आणि तसे असले तर शेती न करणाऱ्याने तेथे राहणे नियमबाह्य ठरते. आपल्या बिनशेतीच्या भानगडीशी याचे नाते आहे, म्हणून आपल्याला चटकन समजेल. 1 जानेवारी 2024 पासून तेथे नवा पर्यावरण व नियोजन कायदा लागू झाला आहे. प्रत्येक नगरपालिकेचा आराखडा पत्ता टाकून पाहता येतो आणि तो पाहताना आपल्या भूखंडाबरोबर भोवतालच्या शेतांवर काय परवानगी आहे तेही पाहावे. डुकरांचा मोठा गोठा, पवनचक्क्या, किंवा लिलीची शेती. लिलीचे नाव ऐकून आपण हसाल. पण या पिकावर कीटकनाशकांची फवारणी इतकी होते, की 2023 मध्ये ड्रेन्टमधील बोटरवेन येथील रहिवासी शेजारच्या लिलीच्या शेताविरुद्ध न्यायालयात गेले होते.

पैशाविषयी. किमतीपुढे ‘कोस्तन कोपर’ असे लिहिलेले असेल, म्हणजे हस्तांतर कर, नोटारिसचे शुल्क वगैरे खरेदीदाराने द्यायचे. स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या घरावर हस्तांतर कर 2 टक्के आहे. खरेदीदार 35 वर्षांच्या आतला असेल, त्याने ही सवलत पूर्वी घेतलेली नसेल आणि किंमत मर्यादेच्या आत असेल तर तो पूर्ण माफ होतो. 2026 साठी ही मर्यादा 5,55,000 युरो आहे. आपण पत्रात चिरंजीवांचा पस्तिसावा वाढदिवस नोव्हेंबरात असल्याचे ओघात लिहिले आहे. वय मोजतात ते साठेखताच्या दिवशीचे नव्हे, नोटारिसपुढे हस्तांतर होते त्या दिवशीचे. ताबा डिसेंबरात ठरला तर त्यांच्या निम्म्या हिश्श्यावर 3,750 युरो कर पडेल. ऑक्टोबरात ठरला तर काही नाही. विक्रेत्याशी तारखेची घासाघीस करण्यास हे कारण पुरेसे आहे. बँक घराच्या मूल्यांकनाच्या 100 टक्क्यांपर्यंतच कर्ज देते (ऊर्जाबचतीच्या कामांसाठी थोडे अधिक मिळते), त्यामुळे वरखर्च आणि मूल्यांकनापेक्षा जास्त लावलेली बोली हे दोन्ही खिशातून जाते. आपली मदत खरी उपयोगी पडेल ती येथे.

ती मदत एलआरएस, म्हणजे लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली बँकेमार्फत पाठवता येते. प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरची मर्यादा आहे. 1 एप्रिल 2025 पासून अशा भेटरकमेवर वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ गोळा करते तो कर, कापला जात नाही, त्यापुढील रकमेवर 20 टक्के कापला जातो. आपण चाळीस लाख एकरकमी पाठवले तर सहा लाख रुपये टीसीएसपोटी बाजूला काढावे लागतील. ते बुडत नाहीत, विवरणपत्रात वजावट किंवा परतावा मिळतो. पण तोपर्यंत अडकून राहतात. आपल्या पत्नीच्या नावे त्यांची स्वतःची बचत असेल तर त्यांनी त्यांच्या खात्यातून पाठवावे आणि वेळ जुळत असेल तर काही भाग मार्चमध्ये, काही एप्रिलमध्ये पाठवावा. देणारा भारतात राहणारा भारतीय नागरिक असल्याने डच भेटकर लागू होत नाही. पैसे थेट नोटारिसकडे न पाठवता चिरंजीवांच्या खात्यात पाठवावेत, सोबत साधे भेटपत्र द्यावे, कारण पैसा कोठून आला हे बँक आणि नोटारिस दोघेही विचारणार.

शेवटी एक स्वानुभव. मी ड्रेन्टमध्येच नऊ वर्षे राहिलो. घर घेताना पाया पाहिला, छप्पर पाहिले आणि ‘वस्तूंची यादी’ मात्र न वाचता सही केली. घरासोबत काय राहणार आणि विक्रेता काय नेणार, हे त्या यादीत खुणा करून लिहिलेले असते. ताब्याच्या दिवशी दार उघडले तर बैठकीच्या खोलीत खाली उघडे सिमेंट आणि छतातून लोंबणाऱ्या दोन तारा. जमिनीवरच्या लाकडी फळ्या, दिवे, पडद्यांच्या दांड्या, सगळे विक्रेत्याने यादीप्रमाणे, अगदी कायदेशीरपणे, नेले होते. त्या रात्री आम्ही सतरंजीवर मेणबत्तीच्या उजेडात पोहे खाल्ले.

प्रश्न : आम्ही दोघे नुकतेच निवृत्त झालो. पुण्याचा उन्हाळा आणि गोंगाट टाळण्यासाठी वर्षातले सहा महिने नेदरलँड्समधील एखाद्या शांत खेड्यात स्वतःच्या लहान घरात काढावेत असा विचार आहे. भारतीय नागरिकाला तेथे घर घेता येते का? घर घेतल्यावर राहण्याचा परवाना मिळतो का?
— एक दांपत्य, सहकारनगर

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय, दुसऱ्याचे नाही, आणि त्या ‘नाही’मुळे आपली योजना जशीच्या तशी पार पडणे कठीण आहे. नेदरलँड्समध्ये घर घेण्यास राष्ट्रीयत्वाची अट नाही. पण घराच्या मालकीने वास्तव्याचा हक्क मिळत नाही. शेंगेन व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते, मग आपण हॉटेलात उतरा की स्वतःच्या बंगल्यात. म्हणजे सलग सहा महिने राहता येणार नाही; एका वेळी फार तर तीन महिने, आणि मग पुढचे तीन महिने घर बंद.

बंद घर ही तेथे महागडी चैन आहे. स्वतः कायम राहणार नसाल तर हस्तांतर कर 2 टक्के नसून 8 टक्के आहे. 2025 अखेरपर्यंत तो 10.4 टक्के होता, एवढेच समाधान. वर्षाला नगरपालिकेचा घरपट्टीसारखा कर, जल मंडळाचा कर, आणि दुसऱ्या घराला मालमत्ता समजून त्याच्या मूल्यावर गृहीत उत्पन्न धरून आकारलेला आयकर. घर रिकामे राहते म्हटल्यावर विमा कंपनी संरक्षण आखडते आणि जानेवारीत नळ गोठून फुटले तर ते कळायला शेजाऱ्याशिवाय कोणी नसते. पुष्कळ नगरपालिकांत राहत्या घराचा दुसरे घर म्हणून वापर करण्यास मनाई किंवा परवान्याची अट आहे, कारण गावातल्या तरुणांनाच घरे मिळत नाहीत. जाहिरातींत स्वस्त दिसणारी ‘रिक्रिएशन’ घरे सुटीपुरतीच असतात, त्यांत कायम राहता येत नाही, आणि पुष्कळदा जमीन भाडेपट्ट्याची असते.

भारतातही नोंद ठेवावी लागेल. घरासाठीचे पैसे एलआरएसमधून पाठवता येतात आणि पती-पत्नी आपापल्या मर्यादा एकत्र करू शकतात. पण त्यानंतर दरवर्षी आयकर विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हे घर दाखवणे सक्तीचे आहे. उत्पन्न शून्य असले तरीही. तसे न केल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपये दंड होऊ शकतो आणि सोसायटीच्या हिशेबांत चार आण्यांचा घोळ शोधून काढणाऱ्या गृहस्थांकडूनही हा तक्ता कोरा राहिलेला मी पाहिला आहे.

माझे प्रांजळ मत विचाराल तर मे-जूनमध्ये सहा-आठ आठवड्यांसाठी भाड्याने घर घ्यावे. शांततेविषयी एक सूचना मात्र करून ठेवतो : फेब्रुवारीच्या मध्यापासून शेतांत पातळ शेणखत घालतात, त्याचा वास दारे लावूनही आत येतो, आणि 31 डिसेंबरला ड्रेन्टमधली पोरे दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये कार्बाइड व पाणी घालून झाकणे उडवतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा लक्ष्मी रस्ता त्यापुढे बरा वाटावा.

प्रश्न : माझे पती जुलैत नेदरलँड्सला रुजू होतील. त्यांना खेड्यातच घर हवे आहे. मुलगी चार वर्षांची आहे. मी औंधमध्ये वाढले, दाराबाहेर पडले की रिक्षा आणि भाजीवाला. तेथे मी एकटी पडेन असे वाटते. घर पाहताना मी कोणत्या गोष्टी पाहाव्यात?
— एक वाचक, औंध

उत्तर : आपली शंका खरी आहे आणि ती घर घेण्याआधी बोलून दाखवलीत हे बरे झाले. निदान पहिले वर्ष भाड्याच्या घरात काढावे आणि तो हिवाळा एकदा पाहून घ्यावा, कारण डिसेंबरात दुपारी साडेचारलाच अंधार पडतो आणि जूनमध्ये पाहून आवडलेले घर डिसेंबरात ओळखू येत नाही.

घर पाहायला जाल तेव्हा आतल्या खोल्यांवर अर्धा तास आणि गावावर अर्धा दिवस खर्च करावा. शाळा आहे का? मुले चार वर्षे पूर्ण झाली की तेथे शाळेत जाऊ लागतात, पाचव्या वर्षी ते सक्तीचे होते. लहान गावांत दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसतात, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. पण पटसंख्या विचारावी, कारण पट फार घसरला की शाळा बंद होते आणि मग पाच किलोमीटरवरच्या गावी पोहोचवणे आपल्याकडे येते. गावातला हुइसआर्त्स, म्हणजे कुटुंबाचा डॉक्टर, नवे रुग्ण घेतो का, ते सही करण्याआधी फोन करून विचारावे. तेथे त्याच्याकडे नाव नोंदवल्याशिवाय साध्या तापाचीही पंचाईत होते आणि तज्ज्ञाकडे जायचे तर चिठ्ठी त्याचीच लागते. बस कदाचित ‘शेजाऱ्यांची बस’ असेल, आठ प्रवाशांची, गावातलेच स्वयंसेवक चालवतात आणि रविवारी बहुधा नसते. म्हणून सायकल नीट चालवता येणे आणि पुढे गाडीचा डच परवाना काढणे, या दोन गोष्टी भाषेइतक्याच महत्त्वाच्या आहेत. तूरडाळ, कढीपत्ता, हिंग झ्वोले किंवा ग्रोनिंगेनच्या आशियाई दुकानांत मिळते. महिन्याची एक फेरी पुरते.

भाषा शिकायला पुण्यातूनच सुरुवात करावी. शहरात इंग्रजीवर वर्षे निघतात, खेड्यात पहिल्या कॉफीपर्यंत ती पुरते आणि त्यानंतर गप्पा डचमध्ये, ड्रेन्टमध्ये तर तेथील बोलीत, वळतात. पूर्वेकडच्या प्रांतांत शेजाऱ्याला ‘नोआबर’ म्हणतात आणि या नात्याला कर्तव्ये जोडलेली आहेत. लग्नघरी दारावर कमान शेजारी बांधतात, मयताच्या घरी तिरडी उचलायला आपल्याकडे येतात तसे शवपेटी उचलायलाही पूर्वापार तेच येत. मात्र ओळख करून घ्यायला पहिले पाऊल नव्या माणसाने टाकायचे असते, ते येतील म्हणून वाट पाहत बसलात तर दोन वर्षे जातील. राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या तीन-तीन घरांची घंटा वाजवावी, मुलीला सोबत न्यावे आणि एका शनिवारी दुपारी कॉफीला बोलवावे. चकली ठेवावी, ती तेथे फार आवडते, हा माझा अनुभव.

आमच्या घरापुढे सांडपाण्याच्या पंपाची हिरवी पेटी होती, पंप बंद पडला की तिच्यावरचा दिवा लागे. पहिल्याच नोव्हेंबरात, भर पावसात, रात्री नऊ वाजता समोरचे सत्तरीतले गृहस्थ दारात उभे. कॉफीला येऊन गेले होते, पण तेव्हा दहा शब्दही बोलले नव्हते. त्यांनी दिव्याकडे बोट दाखवले, पेटीच्या आतल्या बाजूला नगरपालिकेचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असतो तो बॅटरीच्या उजेडात मला वाचून दाखवला, माणूस येईपर्यंत संडासात पाणी ओतू नका असे हातवाऱ्यांनी समजावले आणि आत न येताच निघून गेले. घर पाहायला जाल तेव्हा अशी पेटी पुढच्या अंगणात आहे का, तेही पाहून ठेवा.